बीसीसी : कार्बन पेपर ते काबूल

‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी हे आपल्याला माहीत असतं. ‘बीसीसी’मधला ‘बी’ म्हणजे ब्लाइंड, हेही कधीतरी कानावरून गेलेलं असतं. पण दिवसभर मेलच पाठवत बसणाऱ्या आपल्यासारख्यांपैकी किती जणांनी कार्बन पेपर हातात धरलाय? आमच्या पिढीला तो भेटला असेल तर किराणा दुकानाच्या बिलबुकात, नाहीतर कुरियरच्या पावतीत. बोटाला निळं लागतं आणि खालच्या प्रतीवरचं काही म्हणजे काही वाचता येत नाही. तरीही प्रत्येक मेलच्या डोक्यावर हा कागद एकदा उघडपणे आणि एकदा लपून, असा दोनदा बसलेला आहे. गेले दोन वीकएंड मी ह्या तीन अक्षरांच्या मागे लागलो होतो. वाटलं होतं काहीतरी गंमतशीर सापडेल. सापडलंही. पण सगळंच गमतीचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर आधी कार्बन. इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुड ह्या गृहस्थाने १८०६ साली शाईत भिजवून वाळवलेल्या कागदाचं पेटंट घेतलं. साधारण त्याच सुमारास इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाचा माणूस एका अंध उमराव स्त्रीसाठी टाइपरायटरसारखं यंत्र बनवत होता, आणि त्यात शाईऐवजी असाच कागद वापरत होता. ते यंत्र काळाच्या ओघात नाहीसं झालं, पण त्या बाईंनी त्यावर लिहिलेली काही पत्रं टिकून आहेत. म्हणजे कार्बन पेपर जन्मला तो डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना लिहिता यावं म्हणून. वेजवुडच्याही डोक्यात मुळात तेच होतं. प्रती काढायच्या कामाला तो लागला नंतर. ‘ब्लाइंड कार्बन कॉपी’मधल्या ‘ब्लाइंड’शी ह्याचा काडीचाही संबंध नाही, पण योगायोग सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

कार्बन पेपरला खरे दिवस आले ते टाइपरायटरमुळे. १८७०च्या दशकात रेमिंग्टनची यंत्रं बाजारात आली आणि पुढची शंभर वर्षं जगातल्या ऑफिसांनी कागद-कार्बन-कागद-कार्बन असं सँडविच रुळात घालून बडवून काढलं. आपल्या सरकारी पत्रांच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ असं लिहून खाली नावांची यादी असते ना, ते म्हणजे आपलं सीसी. मूळ पत्र ज्याला जातं त्यालाही कळतं की प्रत आणखी कुणाकुणाला गेली आहे. ते कळावं हाच तर हेतू! वरिष्ठांना प्रत गेली आहे हे दिसल्याशिवाय कित्येक फायली हलत नाहीत.

पण कधीकधी साहेबांना वाटायचं की एक प्रत अमक्याला जावी, पण बाकीच्यांना त्याचा पत्ता लागू नये. तेव्हा टायपिस्ट काय करायचा? पत्र पूर्ण टाइप झालं की मूळ कागद आणि उघड प्रती रुळातून काढून घ्यायच्या. मग फक्त ऑफिस कॉपी आणि ती गुप्त प्रत पुन्हा रुळावर चढवायची आणि तेवढ्यांवरच ‘बीसीसी, श्री. अमुक’ असं टाइप करायचं. ही पद्धत टायपिंगच्या पाठ्यपुस्तकांत रीतसर शिकवली जायची. म्हणजे बीसीसी हा मुळात कुणाच्या खासगीपणाच्या रक्षणासाठी वगैरे काढलेला प्रकार नव्हताच. ते शुद्ध ऑफिसचं राजकारण होतं.

मग खासगीपणाचं रक्षण कोण करायचं? पाकीट!

समजा १९६० साली एखाद्या दवाखान्याला आपल्या ७८१ पेशंटना एकच पत्रक पाठवायचंय. (हा आकडा मी उगाच घेतलेला नाही, पुढे येईल.) काय होईल? पत्रक छापलं जाईल, ७८१ पाकिटांवर ७८१ पत्ते लिहिले जातील, जावक रजिस्टरमध्ये नोंदी होतील, शिपाई तिकिटं चिकटवून बसेल. ह्या सगळ्यात एका पेशंटला दुसऱ्याचं नाव दिसण्याची काही शक्यता आहे का? तशी चूक करायची म्हटली तरी सगळी यादी मुद्दाम टाइप करून प्रत्येक पाकिटात घालावी लागेल. कागदाच्या जगात लपवणं फुकट होतं आणि उघड करायला कष्ट पडायचे. ई-मेलने नेमकं हेच उलटं केलं. यादी सगळ्यांना दाखवणं फुकट, आणि लपवायची तर आठवणीने वेगळ्या खान्यात जायचं. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. बाकी तपशील.

अर्थात ज्यांनी हे बनवलं त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रे टॉमलिन्सन ह्यांनी १९७१ साली आर्पानेटवर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पहिला मेल पाठवला, पत्त्यातलं ‘ॲट’चं चिन्हही त्यांचंच. सप्टेंबर १९७३ मध्ये आरएफसी ५६१ निघालं, त्यात मेलच्या डोक्यावर कुणाकडून, कधी, कशाबद्दल अशा ओळी असाव्यात हे ठरलं. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यातून ठरत आले ती टिपणं. नाव आहे ‘प्रतिक्रिया कळवा’ आणि आपण पाळतो वेदवाक्यासारखी.) त्याच्या चार लेखकांत टॉमलिन्सन आहेतच, पण पहिलं नाव आहे अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या बॅचचा हा माणूस. एफटीपीचा पहिला आराखडाही त्यांचाच. हे मला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत एकाही प्राध्यापकाने सांगितलं नाही. असो.

‘बीसीसी’ दिसतं ते एप्रिल १९७५ च्या आरएफसी ६८० मध्ये. तिथे त्याला ‘तिसऱ्या दर्जाचे प्राप्तकर्ते’ म्हटलंय आणि पहिल्या दोन दर्जांच्या लोकांना ही ओळ दिसू नये असं सांगितलंय. टायपिस्टची पद्धत जशीच्या तशी उचलली. आणि का उचलू नये? आर्पानेटवर तेव्हा होते कोण? काही विद्यापीठं, काही संशोधन संस्था, लष्कराच्या काही कचेऱ्या. वापरणाऱ्यांचे पत्ते तर छापील डिरेक्टरीत मिळायचे. पत्ता ही लपवायची गोष्ट असू शकते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ह्याच डिरेक्टरीतून तीन वर्षांनी पहिली ठिणगी पडली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, ह्या कंपनीत गॅरी थर्क नावाचे मार्केटिंगचे गृहस्थ होते. मे १९७८ मध्ये त्यांना डेकसिस्टिम-२० ह्या नव्या मशीन्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रात्यक्षिकांचं आमंत्रण द्यायचं होतं. एकेकाला कुठे लिहीत बसा? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शेकडो पत्ते डिरेक्टरीतून काढून थेट मेलमध्ये टाइप करवले. आता गंमत बघा. तेव्हाच्या मेल प्रोग्रॅमला पत्त्यांच्या संख्येची मर्यादा होती. ‘टू’चा खाना भरला, पत्ते सांडून ‘सीसी’त गेले, तोही भरला, आणि उरलेले पत्ते चक्क मेलच्या मजकुरात जाऊन पडले! ज्यांना मेल मिळाला त्यांनी उघडून पाहिलं तर आधी पानभर पत्तेच पत्ते आणि खाली कुठेतरी आमंत्रण. हा मेल जगातला पहिला स्पॅम म्हणून प्रसिद्ध आहे, आणि आर्पानेट चालवणाऱ्यांनी थर्क ह्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. पण मला वाटतं तो आणखी एका गोष्टीत पहिल्यांपैकी असावा, सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते वाटण्यात. त्याबद्दल मात्र कुणाची विशेष तक्रार दिसत नाही. डिरेक्टरी सगळ्यांकडे होतीच की.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा येत असेल तर पुढचे तीन परिच्छेद गाळा, पण माझा आग्रह आहे की गाळू नका.

ऑगस्ट १९८२ मध्ये दोन आरएफसी जोडीने आली. जॉन पोस्टेल ह्यांचं ८२१ आणि डेव्हिड क्रॉकर ह्यांचं ८२२. एकात पाकीट, दुसऱ्यात पत्र. आपण मेल ‘सेंड’ करतो तेव्हा आपला सर्व्हर पलीकडच्या सर्व्हरशी बोलतो. हा मेल अमक्याकडून आहे, तो तमक्याला द्यायचाय, आणि हा घ्या मजकूर. ह्यातला ‘तमक्याला द्यायचाय’ हा भाग म्हणजे पाकिटावरचा पत्ता. मजकुराच्या वर आपल्याला दिसणारं ‘टू’ आणि ‘सीसी’ हे पाकिटावर नसतं, ते आतल्या कागदावरचं लेटरहेड! पोस्टमन ते वाचतच नाही. बीसीसीची सगळी जादू एवढीच, की पत्ता पाकिटावर लिहायचा आणि आतल्या कागदावर लिहायचा नाही.

पण मग आतला कागद पाकिटाशी जुळत नाही म्हणून काही सर्व्हर गोंधळायचे. आरएफसी ८२२ चा नियम होता की निदान एक तरी प्राप्तकर्ता मजकुराच्या वर हवाच. सगळेच पत्ते बीसीसीत असतील तर काय? सेंडमेल नावाचा प्रोग्रॅम, ज्यावर कित्येक वर्षं जगातलं बहुतांश मेल चालायचं, तो अशा वेळी भोळेपणाने स्वतःच एक ओळ घालायचा, ‘ॲपरंटली-टू’, म्हणजे ‘बहुधा ह्यांना पाठवलाय’, आणि पुढे पाकिटावरचे पत्ते! साहेबांनी लपवलेली यादी पोस्टमनने मोठ्यांदा वाचून दाखवावी तसं. पुढे सेंडमेलमध्ये ह्याला पर्याय दिले गेले आणि त्यातल्या एकात पत्त्यांच्या जागी नुसतं ‘अनडिस्क्लोज्ड रेसिपियंट्स’ असं लिहिलं जातं. तुमच्या इनबॉक्समध्ये हे शब्द कधी ना कधी आलेच असतील. ते ह्या भांडणातून आलेत.

आणि खरी मेख पुढे आहे. एप्रिल २००१ चं आरएफसी २८२२ आणि त्याचा २००८ मधला अवतार ५३२२ बीसीसी चालवण्याच्या तीन पद्धती सांगतं. एक, ती ओळ सगळ्यांच्याच प्रतीतून काढून टाकायची. दोन, टू आणि सीसीवाल्यांच्या प्रतीतून काढायची, पण बीसीसीवाल्यांच्या प्रतीत ठेवायची, आणि त्यांना एकमेकांची नावं दिसली तरी चालेल. तीन, ओळ ठेवायची पण रिकामी, म्हणजे सगळ्यांना कळेल की कुणालातरी गुपचूप पाठवलाय. कुठली पद्धत वापरायची हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. आपल्या रोजच्या मेल सेवा यादी लपवतात हा त्यांचा चांगुलपणा म्हणा, पण बीसीसीत टाकलेली माणसं एकमेकांना दिसणारच नाहीत असं वचन मूळ नियमात कुठेच नाही. माणसाच्या जिवाची जबाबदारी ह्या खान्यावर टाकण्याआधी हे वाचायला हवं होतं.

कारण नियम लिहिले जात होते तोपर्यंत मेल लॅबमधून बाहेर पडून घराघरात गेला होता. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पुढच्या वर्षी हॉटमेल आलं. त्या काळचे फॉरवर्ड केलेले मेल माझ्या आत्येभावाने जपून ठेवलेत. गणपतीचा फोटो बघायला आधी पाच स्क्रीनभर इतरांचे पत्ते ओलांडून जावं लागतं. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पण आता पत्ता म्हणजे नुसता पत्ता राहिला नव्हता. नाव-टिंब-आडनाव असा मेल आयडी म्हणजे माणसाची दारावरची पाटीच. आणि यादीत नाव असणं हीच बातमी ठरू शकते.

२७ जून २००१. अमेरिकेतली एली लिली ही औषध कंपनी प्रोझॅक हे नैराश्यावरचं औषध बनवते. गोळ्या वेळेवर घेण्याची आठवण करून देणारी मेल सेवा त्यांनी मार्च २००० पासून चालवली होती. प्रत्येकाला त्याचा त्याचा मेल जायचा, कुणाला कुणाचा पत्ता कळत नसे. मग सेवा बंद करायचं ठरलं आणि तेवढं कळवण्यासाठी एका कर्मचाऱ्याने नवा प्रोग्रॅम लिहिला. त्या प्रोग्रॅमने सर्वच्या सर्व ६६९ पत्ते ‘टू’मध्ये घातले. सेवेचा शेवटचा मेल, आणि त्यात ६६९ माणसांनी एकमेकांना ओळखलं. आपल्या धंद्यातल्या लोकांनी इथे जरा थांबावं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली तेव्हा ठपका त्या एकट्या माणसावर ठेवला नाही. त्याला पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, प्रोग्रॅम पाठवण्याआधी नीट तपासला गेला नव्हता, हा कंपनीचा दोष धरला. जानेवारी २००२ च्या समझोत्यात आर्थिक दंड नव्हता, पण सुरक्षेची व्यवस्था उभारणं आणि दरवर्षी तिचा आढावा घेणं कंपनीला बंधनकारक झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये आठ राज्यांशी १ लाख ६० हजार डॉलरवर वेगळा समझोता झाला. ‘एकदाच तर चालवायचीय’ म्हणून टेस्ट न करता चालवलेली स्क्रिप्ट ज्याच्या मशीनवर नाही असा इंजिनियर मला दाखवा.

हे फक्त तिकडेच होतं असं नाही. माझ्या एका मित्राला एका प्लेसमेंट कन्सल्टन्सीचा मेल आला, ‘आपला रेझ्युमे आम्ही शॉर्टलिस्ट केला आहे’. ‘टू’मध्ये साठ-सत्तर जण. त्यात त्याच्याच टीममधले दोघे आणि एक चक्क त्याचा मॅनेजर! दुसऱ्या दिवशी स्टँडअपला चौघेही एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे होते म्हणे. वरची सगळी टीम नोकरी शोधतेय हे कळल्यावर काय बोलणार? पुढे कुणीच विषय काढला नाही आणि त्यांचं निभावलं.

सगळ्यांचं निभावत नाही. लंडनच्या सोहो भागात ५६ डीन स्ट्रीट हे लैंगिक आरोग्याचं नावाजलेलं क्लिनिक आहे. एचआयव्हीच्या पेशंटना रिपोर्ट आणि अपॉइंटमेंट मेलवर मिळाव्यात अशी त्यांची सेवा होती. १ सप्टेंबर २०१५ ला तिच्या ७८१ सभासदांना पत्रक गेलं. हाच तो आकडा. पत्ते बीसीसीऐवजी टूमध्ये पडले होते. ७८१ पैकी ७३० पत्त्यांत पूर्ण नाव होतं. यादीतले सगळेच एचआयव्हीग्रस्त नव्हते, पण यादी पाहणारा असा फरक करत बसणार आहे का? ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने मे २०१६ मध्ये ट्रस्टला १ लाख ८० हजार पौंडांचा दंड केला. आणि चौकशीत काय निघालं, तर अशीच चूक त्यांच्याकडे २०१० मध्येही झाली होती, १७ पेशंटच्या बाबतीत. त्यानंतर काही उपाय केले गेले, पण ग्रुप मेल पाठवताना पत्ते योग्य खान्यात आहेत का ते पुन्हा तपासा, असं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिलं गेलं नव्हतं.

दीड वर्षाने बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या ब्रिटनच्या आयोगाकडून हेच झालं. २७ फेब्रुवारी २०१७ ला त्यांनी ९० जणांना सुनावणीबद्दल मेल केला. अगदी व्यवस्थित, बीसीसीत! मग मजकुरात एक चूक दिसली. दुरुस्तीचा मेल घाईने पाठवला, तो टूमध्ये. मग ‘कृपया आधीचा मेल डिलीट करा’ असे मेल, आणि त्यातल्या एकावर ३९ ‘रिप्लाय ऑल’. आपल्या ऑफिसात रिप्लाय ऑलवरून होणारे विनोद आठवा आणि मग ही यादी कुणाची होती ते आठवा. दंड २ लाख पौंड.

आणि काबूल. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने शहर घेतलं. ब्रिटिश फौजेबरोबर काम केलेले दुभाषे आणि इतर लोक जमेल तिथे लपून ब्रिटनला जायची वाट बघत होते. २० सप्टेंबरला ब्रिटनच्या संरक्षण खात्याच्या ज्या टीमकडे त्यांच्या स्थलांतराचं काम होतं, तिने अशा २४५ जणांना एक मेल केला. टूमध्ये. ५५ जणांच्या पत्त्याशेजारी त्यांचा छोटा फोटोही दिसत होता. दोघांनी ‘रिप्लाय ऑल’ केलं आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत तेही सगळ्यांना लिहून पाठवलं. घाबरलेला माणूस उत्तर देताना वर कुठला खाना आहे ते बघत नाही. नंतर कळलं की त्याच महिन्यात असे आणखी दोन मेल आधीच गेले होते, एकूण २६५ वेगवेगळे पत्ते उघडे पडले. डिसेंबर २०२३ मध्ये खात्याला साडेतीन लाख पौंडांचा दंड झाला. ह्या टीमला पत्ते लपवायला साधन काय होतं, तर बीसीसीचा खाना. १९७५ च्या टायपिस्टचा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयुक्त कार्यालयाने जाहीर केलं होतं की २०१९ पासून बीसीसीच्या चुकांच्या जवळजवळ हजार नोंदी त्यांच्याकडे आल्या आहेत, आणि संवेदनशील माहिती असेल तर बीसीसीवर विसंबू नका. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून २०१७ मध्ये मान्य केला. डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती सांभाळण्यात हयगय केली तर कमाल दंड २५० कोटी रुपये. ह्यात बीसीसी असा शब्द नाही, पण सोसायटीच्या थकबाकीदारांना एकत्र मेल करणाऱ्या सेक्रेटरीकाकांनी नाही तर निदान एचआरवाल्यांनी तरी हा कायदा वाचायला हरकत नाही.

‘एवढ्या चुका होतात तर खान्याचं नाव बदला, लाल रंग द्या, वॉर्निंग द्या’ असं म्हणणारे भेटतात. आउटलुक एक चांगली सूचना देतं खरी, तुम्ही बीसीसीत असाल आणि रिप्लाय ऑल करायला गेलात तर ‘तुमचा पत्ता लपवलेला होता’ म्हणून सांगतं. पण मला हा मार्ग अर्धाच वाटतो. दिवसातून दहा वॉर्निंग ‘ओके’ करणारी बोटं अकरावीही ‘ओके’ करतात. डीन स्ट्रीटच्या माणसाला बीसीसी माहीत होतं, आयोगाच्या माणसाने तर अर्ध्या दिवसापूर्वी म्हणा, तासापूर्वी म्हणा, ते बरोबर वापरलंही होतं.

उपाय तसा जुनाच आहे आणि एली लिलीचा रोजचा प्रोग्रॅम शेवटच्या दिवसापर्यंत तोच करत होता. प्रत्येकाला वेगळा मेल. वर्डमधला मेल मर्ज हेच करतो. आपल्यातले जे स्क्रिप्ट लिहितात त्यांच्यासाठी तर हा एका लूपचा प्रश्न आहे. पत्त्यांची यादी घ्यायची, एकेक पत्ता ‘टू’मध्ये टाकायचा, पाठवायचा, पुढचा घ्यायचा. सर्व्हरला थोडं जास्त काम पडतं आणि वेळ थोडा जास्त लागतो. मी परवा आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी अशी स्क्रिप्ट लिहिली, पंधराएक ओळींची. आधी स्वतःच्याच दोन आयडींवर पाठवून बघितली, मग सगळ्यांना. चहा संपेपर्यंत मेल जात होते आणि लॉगमध्ये प्रत्येक नावाची वेगळी ओळ पडत होती, जावक रजिस्टरात पडते तशी.